वॉर्सा घेट्टोतला अमल

१८ जुलै १९४२ रोजी वॉर्सा घेट्टोतल्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, एका अनाथालयात रवींद्रनाथांच्या 'डाकघर' या नाटकाचा प्रयोग झाला. वैद्याने घराबाहेर पडायला मनाई केलेला आजारी अमल खिडकीत बसून दहीवाल्याशी गप्पा मारतो, राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि शेवटी झोपी जातो. अमलपासून दहीवाल्यापर्यंत सगळ्या भूमिका अनाथालयातल्या ज्यू मुलांनी केल्या. बाहेर माणसे भुकेने रस्त्यातच मरून पडत होती आणि मुले ते रोज पाहत होती. नाटक निवडले होते संस्थेचे प्रमुख, डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक यांनी. मुलांना मरण शांतपणे स्वीकारता यावे म्हणून हे नाटक, असे त्यांनी सांगितल्याचे चरित्रकार लिहितात.

या निवडीची मुळे फार मागे जातात. पाच वर्षांच्या कोर्चाकांचा कॅनरी पक्षी मेला. त्याला डबीत ठेवून अंगणातल्या झाडाखाली पुरायचे आणि वर लाकडी क्रूस लावायचा, असे त्यांनी ठरवले. घरातली मोलकरीण म्हणाली, पाखराला कसला क्रूस? त्याच्यासाठी रडणेसुद्धा पाप! रखवालदाराच्या मुलाने वर ऐकवले, कॅनरी ज्यू होता आणि तूही ज्यूच. साठी उलटल्यावर घेट्टोत रोजनिशी लिहितानाही त्यांना हे सगळे लख्ख आठवत होते. रडूच नकोस म्हणणारी मोठी माणसे कोर्चाकांना लहानपणीच भेटली होती. 

त्यांनी मात्र मुलांच्या हाती लेखणी दिली. १९२६ साली त्यांनी सुरू केलेल्या वृत्तपत्राच्या साप्ताहिक पुरवणीत देशभरातली मुले आपले अनुभव आणि तक्रारी लिहून पाठवत. घेट्टोतही अनाथालयातली मुले रोजनिशा लिहीत. एकाने लिहिले: एक विधवा घरात रडत बसली आहे, थोरला मुलगा चोरट्या मार्गाने काही खायला आणील या आशेवर, त्याला शिपायाने गोळी घातली हे तिला ठाऊकच नाही. शाळकरी वयाच्या मुलाने शेजारचे दुःख असे नेमके टिपले. कोर्चाकांनी ते आपल्या रोजनिशीत उतरवून घेतले.

प्रयोगानंतर चारच दिवसांनी घेट्टोतून लोकांची रवानगी सुरू झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुले, कोर्चाक आणि त्यांच्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारले. कोर्चाकांची रोजनिशी मात्र वाचली आणि १९५८ साली पोलंडमध्ये छापली गेली.