विलीनीकरणापूर्वीचा कोल्हापूरचा खजिना



१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि त्याचा स्वतंत्र खजिना संपला, असें आपण म्हणतों. तें अर्धेंच खरें आहे. कोणता कर कोणावर बसवावा हें ठरविण्याचा अधिकार बराचसा त्यापूर्वींच दरबाराच्या हातून गेला होता. चलन इंग्रजी रुपयाचें, टपाल इंग्रज सरकारचें, मिठावरील करही त्यांचाच. उरला तो मुख्यत्वें शेतसारा, आणि अबकारी व मुद्रांक यांसारख्या बाबी.

सर्वांत बोचणारी गोष्ट बंदरावरील जकातीची. कोल्हापुरास समुद्र नाहीं. मध्यें सह्याद्रि, पलीकडे रत्नागिरी जिल्हा. मुंबईस उतरलेल्या परदेशी मालावरील जकात व्यापारी किंमतींत मिळवी आणि शाहुपुरीच्या पेठेंतील गिऱ्हाईक ती नकळत भरी. पैसा कोल्हापूरकराचा, जमा हिंदुस्थान सरकारची! जर्मन संस्थानांनीं १८३४ सालीं जकातसंघ स्थापिला, तेव्हां सीमेवरील उत्पन्न लोकसंख्येच्या मानानें सभासदांत वांटलें जाई. आमचीं संस्थानें अशा संघांत न विचारतां गोंवलीं गेलीं. वांटा मात्र नव्हता. संस्थानांना कांहीं सवलत मिळावी हा त्यांचा हक्क सबळ आहे, असें बटलर कमिटीनें १९२९ सालीं मान्य केलें. पण १९३५ च्या कायद्यांतील संघराज्य अस्तित्वांत आलेंच नाहीं आणि तक्रार तशीच राहिली. न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, १९३२ सालीं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली, तिचा लाभ आमच्या ऊसवाल्यांसही झाला.

परंतु हातीं उरलेला पैसा कोठें खर्चावा, हें कोल्हापुरांतच ठरत असे, आणि खरें महत्त्व येथें आहे. संस्थानच्या पैशानें मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ सालीं सुरू झाली. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं गुळाच्या व्यापारासाठीं शाहुपुरी वसविली. नामदार गोखले यांचें शिक्षण कांहीं काळ कोल्हापुरांतच झालें होतें. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें त्यांचें बिल वरिष्ठ कायदेमंडळानें १९१२ सालीं फेटाळलें. तीच सक्ती, तीही मोफत, महाराजांनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत लागू केली. जन्मभर खडू हातीं धरलेल्या मजसारख्यास या एका खर्चापुढें दरबाराचे इतर पुष्कळ खर्च क्षम्य वाटतात.

हें सारें राजाच्या मर्जीवर होतें, हें विसरतां येत नाहीं. सारा किती असावा याविषयीं तो भरणाऱ्या कुणब्याचें मत कोणीं घेतलें नाहीं. माधवराव बागल यांच्या पुढाकारानें १९३९ सालीं प्रजापरिषद निघाली, त्यामागें शेतकऱ्यांची हीच कुरकुर होती. विलीनीकरणानें खजिना दूर गेला, पण १९५२ च्या निवडणुकीपासून त्या खजिन्याचा जाब विचारणारे प्रतिनिधि कोल्हापूरकर मतदारांनीं निवडून धाडले. भोगावतीवरील राधानगरीचें धरण शाहू महाराजांनीं हातीं घेतलें आणि तें अर्धवट राहिलें होतें. तें पुरें झालें विलीनीकरणानंतरच, १९५० नंतरच्या दशकांत, मुंबई राज्याच्या तिजोरींतून.