२८ जुलै २००५ : 'ओएन्दान' जपानमध्ये दाखल

'ओसू! तताकाए! ओएन्दान' हा निन्टेंडो डीएससाठीचा ताल-गेम २००५ साली या दिवशी जपानमध्ये विक्रीला आला. केइची यानो यांच्या 'इनिस' स्टुडिओने तो घडवला आणि निन्टेंडोने प्रकाशित केला. जपानी शाळा-कॉलेजांच्या सामन्यांत खेळाडूंना चेव आणणारी काळ्या गणवेशातली पथके, म्हणजे ओएन्दान, ही त्यामागची प्रेरणा. अभ्यासाने गांजलेल्या विद्यार्थ्यापासून उल्केच्या संकटात सापडलेल्या पृथ्वीपर्यंत सर्वांच्या मदतीला हे पथक धावते. वरच्या पडद्यावर कथा रंगते, खालच्या पडद्यावर क्रमांकांची वर्तुळे उमटतात. आकसत येणारे कडे वर्तुळाला भिडले की नेमक्या ठेक्यावर लेखणीने टिचकी मारायची. गाणी जपानी पॉप आणि रॉक.

हा गेम जपानबाहेर अधिकृतपणे आला नाही. पण डीएसवर कोणत्याही देशाचे गेम चालत, त्यामुळे परदेशी चाहत्यांनी तो आवर्जून मागवला. त्यातूनच २००६ मध्ये अमेरिकेत 'एलीट बीट एजंट्स' आला. २००७ मध्ये जपानमध्ये 'ओएन्दान'चा दुसरा भागही निघाला. त्याच वर्षी याच खेळपद्धतीवर बेतलेला 'ओसू!' हा संगणकावरचा मोफत गेम सुरू झाला. तो आजही जगभर खेळला जातो.