रंगाच्या कारखान्यांतून आलेलें औषध

यवतमाळ जिल्ह्यांत ‘औषध’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. दवाखान्यांतून पुडींत बांधून मिळतें तें औषध, आणि कपाशीवर फवारतात तेंहि औषधच. “कपाशीला औषध मारलें” असें शेतकरी म्हणतो, तेव्हां तो किडीच्या विषाविषयीं बोलत असतो. आणि “त्यानें औषध घेतलें” एवढेंच वाक्य कोणी खालच्या आवाजांत उच्चारलें, म्हणजे ऐकणाराला पुढचें कांहीं विचारावें लागत नाहीं. तारक आणि मारक अशा दोहोंना एकच शब्द लागावा, हें भाषेचें वैगुण्य खचितच नव्हे. ज्या गोळीची हकीगत येथें सांगावयाची आहे तिच्या पोटांत हे दोन्ही अर्थ आहेत. मनाच्या काळोखांतून ती माणसाला बाहेर आणते; पण प्रमाण सुटलें तर तीच हृदयाची लय बिघडवते.

ह्या गोळीचें मूळ शोधूं गेल्यास तें कापसाच्याच व्यापारापाशीं येऊन पोंचतें. सन १८५३ मध्यें निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला. आजचा यवतमाळ जिल्हा पुढें कांहीं काळ वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. १९०५ सालीं त्याला सांप्रतचें नांव मिळालें. येथल्या काळ्या जमिनींतला कापूस मुंबईच्या बंदरांतून विलायतेच्या गिरण्यांना जाऊं लागला. कापड निघालें कीं त्याला रंग हवा. १८५६ सालीं पर्किन नांवाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्यानें दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला, आणि त्यानंतर युरोपांत कृत्रिम रंगांचे कारखाने भराभर उभे राहिले. ऱ्हाईन नदीच्या कांठीं, स्वित्झर्लंडांतल्या बाझल शहरीं, गायगी ही १७५८ पासूनची जुनी पेढी होती. तीहि ह्या रंगाच्या धंद्यांत उतरली. ह्याच रंगाच्या रसायनशास्त्राच्या युगांत, १८९९ सालीं, थीले व होल्झिंगर ह्या रसायनशास्त्रज्ञांनीं ‘इमिनोडायबेंझिल’ नांवाचा एक पदार्थ बनविला. त्याचा औषध म्हणून उपयोग होईल हें अर्धें शतक कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं.

मधल्या काळांत गायगी कंपनीनें जगाला दुसऱ्या अर्थाचें ‘औषध’ दिलें. तिच्याच पॉल म्यूलर ह्या शास्त्रज्ञानें १९३९ सालीं डी. डी. टी. ची कीटकनाशक शक्ति ओळखली, व त्याबद्दल त्याला १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. डासांवर आणि पिकांवरच्या किडींवर हें द्रव्य पुढें जगभर वापरलें गेलें. नेमक्या त्याच सुमारास ह्याच कंपनीच्या हेफ्लिगर व शिंडलर ह्या दोघांनीं तो जुना पदार्थ कपाटांतून बाहेर काढून त्यापासून चाळीसांवर नवीं द्रव्यें तयार केलीं. त्यांच्या रेणूंत तीन वलयें एकमेकांना चिकटून बसलेलीं असतात. म्हणून ह्या जातीच्या औषधांना मागाहून ‘ट्रायसायक्लिक’, म्हणजे त्रिवलयी, असें नांव पडलें. एकाच घराण्यांतून किडीचें औषध निघावें आणि खिन्नतेचेंहि निघावें, हा योगायोग यवतमाळकरानें तरी लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

त्या द्रव्यांपैकीं एक कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठच्या म्यून्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयांत रोलांड कून ह्या डॉक्टरांकडे परीक्षेसाठीं आलें. प्रथम तें भ्रमिष्ट रुग्णांना देऊन पाहिलें. गुण आला नाहीं, उलट कांहीं अधिकच प्रक्षुब्ध झाले. मग १९५६ च्या जानेवारींत कून ह्यांनीं तें गाढ विषण्णतेंत बुडालेल्या रुग्णांस दिलें. जीं माणसें पहाटे तीनला जागीं होऊन छताकडे पाहत पडत, बोलत नसत, जेवत नसत, तीं हळूहळू उठूं लागलीं, चौकशी करूं लागलीं. पुढल्या वर्षीं सप्टेंबरांत झूरिकच्या जागतिक परिषदेंत कून ह्यांनीं हा शोध मांडला, तेव्हां ऐकावयाला जेमतेम डझनभर श्रोते होते म्हणतात. ह्या औषधाचें नांव इमिप्रामिन.

ह्या यशाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. झूरिकच्या इतिहासकारांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनावरून असें दिसतें कीं त्या रुग्णालयांत अनेक वर्षें हजाराहून अधिक रुग्णांवर नवनवीं द्रव्यें अजमावलीं गेलीं, आणि तीं पुष्कळदां त्यांची संमति न घेतां. शोध मोठा खरा. पण ज्यांच्या देहावर तो लागला त्यांना कोणी विचारलें नव्हतें.

गुण कां येतो ह्याचा उलगडा व्हावयास मुंबईच्या एका वैद्यकीय कामाचा दूरान्वयानें हातभार लागला. डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं १९४९ सालीं रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयीं ब्रिटिश नियतकालिकांत लेख लिहिला, आणि आपल्या वैद्यांची ही जुनी मुळी जगाच्या नजरेस आली. तिच्यांतलें रेसर्पिन हें द्रव्य घेणाऱ्या कांहीं रुग्णांचें मन खिन्न झाल्याचें दिसून आलें. रेसर्पिन मेंदूंतल्या कांहीं द्रव्यांचा साठा रिता करतें हें पुढें कळलें, आणि खिन्नतेचा ह्या द्रव्यांशीं संबंध असावा असा तर्क शास्त्रज्ञ करूं लागले. अमेरिकेंत जूलियस ॲक्सेलरॉड ह्यांनीं १९६१ सालीं दाखविलें कीं इमिप्रामिन अशा एका द्रव्याला मज्जातंतूंत परत शोषलें जाऊं देत नाहीं. तेवढ्यानें सर्व कोडें सुटलें असें मात्र नव्हे. द्रव्यावरचा परिणाम तासांत होतो, आणि मन सुधारावयास आठवडे लागतात.

१९६१ सालींच अमेरिकेंत ॲमिट्रिप्टिलिन ह्या दुसऱ्या त्रिवलयी औषधाला मान्यता मिळाली. स्वस्त, झोंप आणणारें, अंगदुखीवरहि उपयोगी पडणारें असें हें औषध जगभर पसरलें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७७ मध्यें आवश्यक औषधांची पहिली यादी केली तींत त्याला स्थान मिळालें. पण प्रसाराबरोबर एक भयंकर गोष्टहि उघड झाली. ज्याला जीव नकोसा झाला आहे त्याच्याच हातीं वैद्य असें औषध देत होता, कीं ज्याचा मोठा साठा एकदम पोटांत गेला तर जीव जातो. रुग्णालयांत अशा विषबाधेचे रुग्ण येऊं लागले. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेंत मान्य झालेलें फ्लुओक्सेटिन व त्याच्या जातीचीं औषधें लोकप्रिय झालीं त्याचें एक मोठें कारण हेंच. तीं अधिक प्रमाणांत गेलीं तरी त्या मानानें कमी घातक असतात. तथापि जुनी गोळी नाहींशी झाली नाहीं. २०१८ सालीं ५२२ चाचण्या आणि २१ औषधें एकत्र तोलून पाहिलीं, तेव्हां गुणांत ॲमिट्रिप्टिलिन सर्वांच्या पुढें आढळलें. त्रास सोसेना म्हणून सोडणारेहि त्यांत बरेच निघाले.

यवतमाळांत हा सगळा इतिहास एका निराळ्याच भूमीवर येऊन उतरतो. महागांव तालुक्यांतल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा १९ मार्च १९८६ रोजीं झालेला अंत महाराष्ट्र विसरलेला नाहीं. त्यानंतरच्या वर्षांत कोरडवाहू कपाशी, लहरी पाऊस, पडलेला भाव आणि चढलेलें कर्ज ह्यांची कहाणी इतक्या वेळां छापून आली कीं ती येथें पुन्हा सांगावयास नको. जुलै २००६ मध्यें पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांनीं यवतमाळसह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. ती मुख्यत्वें कर्जाची, व्याजाची आणि पाण्याची होती. कर्जबाजारी शेतकऱ्याला गोळी देऊन त्याचें कर्ज फिटत नाहीं, आणि भावाच्या प्रश्नाला मनाचा आजार म्हणून बाजूला सारणें हा शहाजोगपणा होय. पण ह्याची उलट बाजूहि तितकीच खरी आहे. कर्ज पुष्कळांना असतें. त्यांतला एखादाच महिनोन् महिने झोंपत नाहीं, बैलाला वैरण टाकण्याचें भान ज्याला राहत नाहीं, आपल्यावांचून घरच्यांचें बरें होईल असें ज्याला वाटूं लागतें. त्याला आजार झालेला असतो, आणि आजाराला उपचार आहे.

हा माणूस स्वतःहून दवाखान्यांत येत नाहीं. २०१५ च्या सुमारास राज्याच्या आरोग्य खात्यानें विदर्भ-मराठवाड्यांतील १४ जिल्ह्यांसाठीं प्रेरणा प्रकल्प काढला, त्यांत आशाताईंनीं घरोघर जाऊन अशा माणसांची विचारपूस करावयाची अशी योजना होती. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतल्या ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम झाला. खिन्नतेनें आजारी असलेल्यांपैकीं उपचारापर्यंत पोंचणारांचें प्रमाण तेथें आरंभीं शेंकडा ४·३ होतें, तें दीड वर्षांत शेंकडा २७·२ वर गेलें. म्हणजे कोणी विचारलें तर माणसें बोलतात. आतां १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवाहि सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींतून बोलतां येतें.

असा रुग्ण औषधापर्यंत पोंचला, कीं त्याच्या घरच्यांना कांहीं गोष्टी ठाऊक असणें अगत्याचें आहे. त्रिवलयी गोळी डॉक्टर अल्प प्रमाणांत सुरू करतात, बहुधा रात्रीं निजतांना, आणि आठवड्या-आठवड्यानें वाढवितात. पहिल्या दिवसांत पदरीं पडतो तो त्रासच: तोंड कोरडें पडतें, बद्धकोष्ठ होतें, डोळ्यांपुढें धूसर दिसतें, एकदम उठून उभें राहिलें कीं भोंवळ येते. गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळें पुष्कळ लोक दहाव्या दिवशीं “ह्यानें कांहीं होत नाहीं” म्हणून गोळी टाकून देतात, आणि तीच वेळ धीर धरण्याची असते. (गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुनाचेंहि तोंड कोरडें पडतें, तें मात्र विषादानें, औषधानें नव्हे!) बरें वाटूं लागल्यावरहि औषध निदान सहा-नऊ महिने चालूं ठेवावें लागतें, आणि बंद करावयाचें तें डॉक्टरांच्या सांगण्यावरून, उतरत्या क्रमानें. एकाएकीं सोडल्यास मळमळ, अस्वस्थता, झोंपमोड होते.

हृदयविकार, काचबिंदु, लघवी अडण्याचा त्रास, फेफरें, ह्यांपैकीं कांहीं असल्यास तें डॉक्टरांपासून लपवूं नये. पूर्वीं कधीं मन अतिशय उल्हसित होऊन दिवसचे दिवस न झोंपतां, पैसे उधळीत काढले असतील, तर तेंहि सांगावें. अशा रुग्णाला नुसती ही गोळी दिल्यास तो दुसऱ्या टोंकाला जाऊं शकतो. म्हाताऱ्या माणसाला रात्रीं उठतांना पडण्याचें भय असतें, म्हणून त्याला पुष्कळदां दुसरें औषध देतात. दारूची सोबत ह्या गोळीला मुळींच नको. दुखण्यावरच्या कांहीं गोळ्यांशीं आणि मनावरच्याच दुसऱ्या औषधांशींहि तिचें जुळत नाहीं. तेव्हां नव्या डॉक्टरांकडे जातांना जुनी चिठ्ठी बरोबर न्यावी.

सर्वांत नाजूक काळ आरंभींचे आठवडे. विशेषतः पंचविशीच्या आंतल्या तरुणांत ह्या काळांत मरणाचे विचार उसळण्याचा संभव असतो, म्हणून अमेरिकेच्या औषध खात्यानें २००४ पासून ह्या सर्व जातीच्या औषधांच्या वेष्टनावर ठळक इशारा छापण्याचा दंडक घातला. ह्या दिवसांत रुग्णाला एकटें सोडूं नये आणि “तुझ्या मनांत जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार येतात का?” हें सरळ विचारावें. विचारल्यानें विचार मनांत शिरतो ही समजूत खोटी आहे.

आणि गोळ्या कोणी ठेवावयाच्या? रुग्णानें नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचें मार्गदर्शन असें कीं ज्याच्या जिवाला धोका वाटतो त्याला एका वेळीं थोडा, आठवडाभराचाच, साठा द्यावा. एक महिन्याची पुडी एकदम देणें सोयीचें खरें, पण ती सोय घातक आहे. घरांतल्या ज्या माणसावर रुग्णाचा विश्वास आहे त्यानें गोळ्या कुलपांत ठेवाव्या व रोजची रोज हातीं द्यावी. लहान मुलांच्या हातीं तर एकहि पडतां कामा नये. त्यांना थोड्याशा गोळ्याहि प्राणघातक ठरतात. चुकून वा जाणून अधिक गोळ्या गेल्याचा नुसता संशय आला तरी, माणूस चांगला बोलतो-चालतो आहे असें पाहून थांबूं नये, घरीं ओकारी काढीत बसूं नये, तडक मोठ्या रुग्णालयांत न्यावें आणि गोळ्यांचें पाकीट बरोबर घ्यावें. हृदयाचा आलेख काढून बिघाड दिसल्यास तेथें शिरेवाटे सोडियम बायकार्बोनेट देतात, आणि वेळेवर पोंचलेले पुष्कळ रुग्ण वांचतात.

पण कपाटांतल्या गोळ्यांना कुलूप लावलें आणि ओसरींत फवारणीचा डबा उघडाच राहिला, तर त्या कुलपाचा उपयोग काय? श्रीलंकेनें १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकें एकामागून एक बंद केलीं, आणि तेथील आत्महत्यांचें प्रमाण पुढल्या दशकांत निम्म्यावर आलें. तामिळनाडूंत डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन गांवांत बँकेप्रमाणें खणांचें एक सामाईक कोठार उभारलें. प्रत्येक शेतकऱ्यानें आपला डबा आपल्या खणांत ठेवावयाचा, फवारणीच्या दिवशीं न्यावयाचा, उरलेला परत आणावयाचा. मरणाची इच्छा पुष्कळदां कांहीं घटका टिकणारी असते. तेवढा वेळ हाताशीं कांहीं नसलें तर माणूस उरतो.

असें कोठार गांवांत होईल तेव्हां होवो. तोंवर ज्या घरीं असा रुग्ण आहे, त्या घरानें आपला डबा भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या घरीं कुलपांत ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. आठवड्याच्या गोळ्यांसाठीं आठवडी बाजाराचा दिवस सोयीचा. तालुक्याच्या गांवीं यावयाचेंच असतें. घरच्या माणसानें रुग्णाला बरोबर आणावें, गोळ्या घ्याव्या, आणि झोंप कशी लागली हें डॉक्टरांसमोर त्यालाच सांगूं द्यावें.