विद्येची निवड आणि घरची संमती

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यात, तामसी हे गाव आहे. या मुलुखाने राज्याच्या सीमा फिरताना पुष्कळ पाहिल्या. १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या पुनर्रचनेत याच जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. तामसी मात्र आंध्र प्रदेशात राहिली, आणि २०१४ पासून ती तेलंगणात आहे. घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू, अशी या भागातील अनेक कुटुंबांची रीत आहे. निजामाच्या अमदानीत तर उच्च शिक्षणाची वाटच वेगळ्या भाषेतून जात असे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. काय शिकावे या प्रश्नाच्या आधी कोणत्या भाषेत शिकावे, हा प्रश्न इथल्या मराठी विद्यार्थ्यापुढे उभा असे.

२०१६ पर्यंत याच जिल्ह्यात असलेले आणि आता निर्मल जिल्ह्यात गेलेले गोदाकाठचे बासर हे ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र. वसंतपंचमीस दूरदूरचे आईबाप मुलांना घेऊन तेथे अक्षराभ्यासासाठी येतात. मूल मांडीवर बसते, त्याचा चिमुकला हात वडील आपल्या हातात धरतात आणि पहिले अक्षर उमटते. त्याच बासर गावी २००८ मध्ये तंत्रशास्त्राचे विद्यापीठ निघाले. दहावी होताच तेथे सहा वर्षांच्या सलग अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. अन्यत्रही दहावीनंतरच गणिताचा गट, जीवशास्त्राचा गट की अर्थशास्त्र-वाणिज्याचा, हे ठरवावे लागते. अक्षराभ्यासाच्या दिवशी हात वडिलांनी धरणे योग्यच असते. पंधरा-सोळा वर्षांनीही तो तसाच धरून ठेवावा काय, एवढाच प्रश्न आहे. हा प्रश्न नवा नव्हे. गेल्या शतकाआधीच्या महाराष्ट्रात तो कसा सुटला, हे पाहणे बोधप्रद ठरेल.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. १८७९ मध्ये वडील कृष्णराव वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चालत असे. पुढे कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा वहिनीने आपले दागिने पुढे केले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. १८८४ मध्ये गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. वय अवघे अठरा.

आता घराने काय अपेक्षा करावी? त्या काळी पदवीधरास सरकारी हुद्दा, वकिली किंवा स्थापत्यविद्या अशा वाटा मोकळ्या होत्या. गोपाळरावांनी स्थापत्याची वाट थोडी चाचपून सोडली, कायद्याचे वर्ग धरले आणि पोटासाठी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षकी पत्करली. शाळेतील टिळक-आगरकर यांच्या सहवासाने त्यांचे मन पालटले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद व्हावे, असे त्यांनी ठरविले. आजीव सभासद होणे म्हणजे वीस वर्षे सुमारे पाऊणशे रुपयांवर अध्यापन करणे आणि शेवटी तीस रुपयांचे निवृत्तिवेतन घेणे. वकिलीची वाट याने बंद होणार होती.

येथे खरी अडचण होती ती गोविंदरावांच्या संमतीची. सात रुपयांत घर चालवून ज्यांनी आठ रुपये पाठविले, त्यांना नकार देणे हे बंडखोर मुलाने कठोर बापास उत्तर देण्याइतके सोपे नव्हते. गोविंदरावांची अपेक्षा लोभाची नव्हती. एका भावाने केलेल्या त्यागाचे ओझे दुसऱ्याने थोडे हलके करावे, इतकीच ती होती. गोपाळरावांनी संमतीवाचून पाऊल टाकले नाही. अखेर गोविंदराव राजी झाले आणि १८८६ मध्ये गोपाळराव आजीव सभासद झाले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकविले, पुढे गणित, मग इतिहास आणि अर्थशास्त्र. ज्या विषयास माणूस नसेल तो विषय ते घेत. या अर्थशास्त्राच्या अभ्यासातूनच कौन्सिलातील त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे सिद्ध झाली. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. ज्याचे शिक्षण भावाच्या आठ रुपयांवर झाले, त्याने सर्वांच्या मुलांसाठी शाळा मागावी, यात आश्चर्य कसले?

परंतु इतिहासाची एकच बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. जन्म १८५६ चा. अत्यंत गरिबीत ते डेक्कन कॉलेजात शिकले. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आईस लिहिलेले पत्र महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. मोठ्या परीक्षांमागून मोठा पगार येईल ही आशा आईने ठेवू नये, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ आपण लोकहितास देणार, असा त्याचा आशय. आगरकरांनी ते वचन पाळले. १८८१ मध्ये ते ‘केसरी’चे संपादक झाले, १८८२ मध्ये टिळकांसह १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले आणि १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १७ जून १८९५ रोजी, चाळिशी गाठण्याआधीच, दम्याने झिजलेल्या देहाने ते गेले. त्यांच्या मागे घर दरिद्रीच राहिले. टेंभूच्या त्या माउलीची चिंता निराधार नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. देवाधर्माविषयी आगरकरांची मते आपल्या वाचकांस रुचतील असे नाही. परंतु आईपाशी त्यांनी खोटी आशा ठेवली नाही, हे त्यांचे ऋजुत्व कोणासही वंदनीय वाटेल.

गोमंतकातले उदाहरण याहूनही कठीण आहे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६ चा, नारळीची बागायत पाहणाऱ्या घरातले. वडिलांच्या निधनानंतर १८९९ मध्ये त्यांनी विद्येसाठी घर सोडले. पुण्यास डॉ. भांडारकरांचे साहाय्य मिळाले. तेथून काशी, नेपाळ, सिंहल असा ज्ञानशोधाचा प्रवास झाला. पुढे १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी त्याच फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली. मराठीस बौद्ध विद्येचे दालन त्यांनी उघडून दिले खरे; पण या प्रवासाची वर्षे पत्नीने लहान मुलीसह घरी वाट पाहत काढली. विद्येचे मोल विद्यार्थ्याने एकट्याने भरले, असे क्वचितच घडते.

या तीन चरित्रांतून एक गोष्ट निघते. आपल्या आवडीचा विषय घेणे हा मुलाचा हक्क आहे, असे नुसते म्हणून भागत नाही. आणि खर्च आम्ही करतो म्हणून विषय आम्ही ठरवू, हेही न्याय्य नाही. कठोपनिषदातील नचिकेताची कथा आपल्या देवळांतील प्रवचनांत अनेकदा सांगितली जाते. यमाने देऊ केलेली संपत्ती त्याने नाकारली आणि ज्ञानच मागितले, हे आपण आवर्जून ऐकवितो. पण तो त्याचा तिसरा वर होता. पहिला वर त्याने मागितला तो पित्याचे मन शांत व्हावे, राग निवावा, यासाठी. ज्ञान सोडून पित्याचा संतोष त्याने मागितला नाही, आणि पित्याचा संतोष सोडून ज्ञानही मागितले नाही. क्रम तेवढा लावला.

तामसीच्या एखाद्या घरात आज संध्याकाळी मुलगी म्हणत असेल, मला इतिहास शिकायचा आहे. आणि कापसाच्या भावाची विवंचना वाहणारा बाप म्हणत असेल, गणिताचा गट घे, नोकरी लागेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मुलीने त्या विषयातून पोट कसे भरणार हे आगरकरांइतक्या स्पष्टपणे सांगावे, आणि बापाने गोविंदरावांप्रमाणे ते ऐकून घेऊन मग निर्णय द्यावा. बासरला धरलेला हात सोडायचा तो झिडकारून नव्हे. अक्षर आता स्थिर उमटते आहे, ही खात्री पटवून.