‘घाशीराम कोतवाल’: सूड आणि वासनेच्या या गोष्टीत खरा इतिहास किती?

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याला लागूनच जामखेड तालुका आहे. तिथल्या खर्ड्याला मार्च 1795 मध्ये मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. या मोहिमेमागचं डोकं होतं नाना फडणवीस यांचं. शाळेच्या पुस्तकात भेटणारे नाना हे असे मुत्सद्दी आणि मनातलं कुणाला कळू न देणारे.

मराठी रंगभूमीवर मात्र त्यांचं वेगळंच रूप लोकांच्या लक्षात राहिलं. तरुण मुलीवर नजर ठेवणारा, नाचत येणारा रंगेल कारभारी. हे रूप आलं विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधून.

नाटकाची गोष्ट काय आहे?

परगावाहून पुण्यात आलेल्या घाशीरामवर चोरीचा खोटा आळ येतो. मारहाण होते, कोठडीत टाकलं जातं. अपमानाने पेटलेला घाशीराम पुण्यावर सूड उगवायची शपथ घेतो.

त्यासाठी हवी असते सत्ता, आणि ती असते नानांच्या हातात. नानांचं मन त्याच्या मुलीवर, गौरीवर जडतं. घाशीराम मुलगी देतो आणि त्या बदल्यात कोतवाली मिळवतो. मग शहरावर जुलूम सुरू होतो. पुढे गौरीचा मृत्यू होतो. नाना नवं लग्न करतात. शेवटी लोक खवळले की नाना घाशीरामलाच जमावाच्या हवाली करतात.

म्हणजे सूड घाशीरामचा आणि हौस नानांची, पण किंमत मोजते गौरी. तिला काय हवं होतं, हे तिला कुणीच विचारत नाही.

खरा घाशीराम कोण होता?

घाशीराम सावळदास ही खरी व्यक्ती. तो मूळचा उत्तर भारतीय ब्राह्मण. 1777 ते 1791 या काळात तो पुण्याचा कोतवाल होता.

ऑगस्ट 1791 मध्ये श्रावणातल्या दक्षिणेसाठी पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या अमलात कोंडून ठेवण्यात आलं. त्यातले अनेक जण गुदमरून मेले. शहर खवळलं. अखेर घाशीरामला जमावाच्या ताब्यात देण्यात आलं आणि दगडांनी ठेचून मारण्यात आलं.

1863 मध्ये मोरोबा कान्होबा यांनी याच नावाचं पुस्तक लिहिलं. म्हणजे तेंडुलकरांच्या आधी शंभराहून अधिक वर्षं ही कथा मराठीत छापली गेली होती.

नाना खरंच असे होते का?

नानांनी अनेक लग्नं केली, ही नोंद आहे. त्यांचं छोटंसं आत्मवृत्तही उपलब्ध आहे. पानिपतापर्यंतच्या काळाबद्दलच्या त्या लेखनात ते तरुणपणातल्या वासनेची कबुली देतात. इतक्या सावध माणसाने स्वतःबद्दल असं लिहावं, हे विशेषच.

पण यावरून नाटकातला नाना खरा ठरत नाही. पेशवाईत फूट पडलेली असताना, सवाई माधवराव लहान असताना, नानांनी अनेक वर्षं राज्य सांभाळलं. नाटकात ही बाजू जवळपास येतच नाही.

वाद का झाला?

16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकर यांचं आणि नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे. नानांची बदनामी आणि ब्राह्मणविरोध असे आरोप झाले. थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. मग कलाकारांनी थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन करून ते पुन्हा उभं केलं. 1980 च्या युरोप दौऱ्यालाही विरोध झाला, तरी दौरा पार पडला.

हे ऐतिहासिक नाटक नाही, अशी तेंडुलकरांची भूमिका होती. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम कसे तयार करते आणि काम झालं की त्यांना कसं संपवते, हे त्यांना दाखवायचं होतं.

मग वाचकाने काय लक्षात ठेवावं?

कोतवाल खरा, गुदमरून झालेले मृत्यू खरे, दगडांचा मारही खरा. गौरीचा सौदा मात्र इतिहास म्हणून नव्हे, तर नाटककाराने रचलेली गोष्ट म्हणून पाहावा. खर्ड्याचे नाना आणि रंगमंचावरचे नाना यांची गल्लत केली नाही, तर इतिहासावर अन्याय होत नाही आणि नाटकावरही.