शिळ्या तुकड्यापासून रेशनच्या हक्कापर्यंत

"सरकार फुकट धान्य देते, म्हणून लोक माजले." हे वाक्य आपण चहाच्या टपरीवर ऐकतो, ऑफिसात ऐकतो. दुःख याचे आहे की आता आपल्यातले काही शिकलेले तरुणही ते बोलू लागले आहेत. त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

गावगाड्यात महाराने सांगावा न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे, सरकारी अंमलदाराची रात्री-अपरात्री सरबराई करायची. मोबदला काय? तुटपुंजी वतनी जमीन, खळ्यावरचे बलुते, दारोदार मागितलेली भाकरी आणि मेलेल्या जनावराचे मांस. काम ठरलेले होते, दाम मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. राबणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या धान्याला मजुरी नव्हे, उपकार म्हटले गेले. आणि उपकार केव्हाही बंद करता येतो.

तो बंद केलाही जाई. 1928 मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्काची भाषा केली की गाव बहिष्कार टाकतो, रोजगार तोडतो, दुकानदार रोजच्या गरजेचे जिन्नसही विकत नाही, असे या समितीने नोंदवले. म्हणजे पैसे असूनही धान्य नाही! तिथे भूक दुष्काळामुळे आली नव्हती. ती शिक्षा म्हणून दिली जात होती.

म्हणूनच मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले, तेव्हा तो केवळ स्वच्छतेचा उपदेश नव्हता. लाचारीची साखळी तोडण्याचा तो कार्यक्रम होता. पण जुने सोडून खायचे काय? याचे उत्तरही त्यांनी शोधले. 19 मार्च 1928 रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी निश्चित मोबदला द्या आणि ज्याला वतन नको त्याला मोकळे करा, हा त्याचा गाभा. विधेयक मागे घ्यावे लागले. महार वतन कायद्याने संपायला 1958 उजाडले.

1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. त्याच्या मागणीपत्रात जमिनीबरोबर धान्याचे योग्य वाटप आणि भाववाढीला आळा याही मागण्या होत्या. जमीन आणि धान्य हे आपल्या चळवळीने कधी वेगळे मानले नाही.

संविधानाच्या 47 व्या कलमाने लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्यावर थेट न्यायालयात दाद मागता येत नव्हती. 2001 मध्ये गोदामे भरलेली असताना लोक उपाशी होते, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने अन्नाच्या योजनांना हक्काचे स्वरूप दिले. 2004 मध्ये शाळेतला आहार शिजवण्यासाठी दलित-आदिवासींना प्राधान्य देण्याचा आदेशही दिला. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या हातचे अन्न सगळ्या मुलांनी एका पंगतीत खावे, याचा अर्थ समजून घ्या. 2013 मध्ये अन्न सुरक्षा कायदा आला. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो.

हा कायदा पुरेसा नाही. नुसत्या गहू-तांदळाने पोषण होत नाही. डाळ, तेल, अंडी कुठे आहेत? पण जे आहे ते कायद्याने आहे. धान्याच्या पिशवीवर कोणाचा फोटो छापला म्हणून ते त्याचे दान होत नाही. फोटोला हात जोडणारा माणूस नकळत पुन्हा बलुत्याच्या खळ्यावर जाऊन उभा राहतो.

म्हणून कार्यकर्त्यांनो, वस्तीतल्या रेशन दुकानावर जा. कोणाचे नाव यादीतून गळले, कोणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही, कोणाला माप कमी मिळते, ते लिहून घ्या. पावती मागायला शिकवा. धान्य मिळाले नाही तर कायद्यात भत्त्याची आणि जिल्हा पातळीवर तक्रारीची तरतूद आहे. लेखी तक्रार करा. आपल्या आजा-पणज्यांना दारात उभे राहून मागावे लागले. आपण टेबलासमोर उभे राहून हिशेब मागू.

जय भीम!