सलाईन म्हणजे ताकदीची बाटली नव्हे

पाऊस सुरू झाला की आपल्या नालासोपाऱ्यात तुळिंज, आचोळ्याला पाणी भरतं. मागोमाग ताप, जुलाब येतात आणि दवाखान्यात एकच मागणी: "डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा ना." ही बाटली मुळात आली कशासाठी, तेवढं मला सांगायचंय.

साल १८३२. ब्रिटनमध्ये कॉलऱ्याची साथ होती. ओशॉघ्नेसी या तरुण डॉक्टरने रक्त तपासून दाखवलं की रोग्याच्या अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात. ते वाचून स्कॉटलंडमधल्या टॉमस लाटा यांनी मिठाचं पाणी थेट शिरेत सोडलं. मरणाच्या दारातली एक म्हातारी अर्ध्या तासात सावध झाली. पण जुलाब पुन्हा लागले, पाणी पुन्हा दिलं गेलं नाही आणि ती गेली. म्हणजे सलाईन हे गेलेलं पाणी भरून काढण्याचं औषध. ताकदीचं टॉनिक ते कधीच नव्हतं.

१९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पाजायला लावलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. तेच आजचं ओआरएस.

आता बाटलीचा हिशोब बघा. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाचेक चमचे. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. ताकद म्हणाल तर एका चपातीइतकीही धड नाही! उलट मधुमेह्याला डेक्स्ट्रोजने साखर वाढते आणि हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर जास्तीचं पाणी फुफ्फुसात साठून जिवावर बेततं.

आणि औषधावर आंधळा विश्वास किती महाग पडतो, ते मुंबईने पाहिलंय. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. ते सलाईन नव्हतं, ग्लिसरॉल होतं, पण त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. न्या. लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली. तोंडाने घेतलेल्या औषधाची ही गत, तर शिरेतून थेट रक्तात जाणाऱ्याबद्दल किती जपायला हवं!

म्हणून सांगतो. पेशंट पिऊ शकत असेल तर आधी ओआरएस. सतत उलट्या, गुंगी, लघवी बंद, अशी लक्षणं दिसली तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा, तिथे सलाईन जीव वाचवतं. लावण्याआधी विचारा: कोणतं, कशासाठी, किती? मधुमेह, बीपी, किडनीचा त्रास असेल तर न विचारता सांगा. बाटलीवरची तारीख वाचा. पाणी गढूळ दिसलं, आत कण तरंगताना दिसले किंवा बाटली गळत असली तर लावू देऊ नका. आणि समोरच्याकडे डॉक्टरकीची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. बोगस डॉक्टरांच्या बातम्या आपल्याच भागातून येतात.